अक्षर तुमचंच आहे ना?

द्राक्षांना वास नसतो. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही, पण एकदा पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभं राहून बघा. वास येतो तो नव्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा, धुतलेल्या क्रेटांचा, बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोच्या डिझेलचा, आणि बारा वाजता बायकांनी डबे उघडले की लसणाच्या चटणीचा. हंगाम आला हे नाकाला कळतं ते या सगळ्यावरून. द्राक्षं बिचारी गप्प असतात.

यंदा पौषापासून मी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये आहे. टेबलावर घड येतात, बायका बारीक कात्रीनं खराब मणी काढतात, आणि मी मण्याला रिंग लावून बघतो. रिंगमधून मणी खाली पडला तर लहान, अडकला तर मोठा. त्याप्रमाणे खोकं ठरतं. वीस वर्षं नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी व्हर्नियर घेऊन लोखंडाचे भाग मोजले, आता द्राक्षं मोजतो. मोजणं काही सुटलं नाही. लोखंड निदान हातात फुटत तरी नव्हतं.

परवा एका घडाला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटून आला. आमच्याकडे थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून वेलीवरच्या प्रत्येक घडाला पेपर गुंडाळतात. तोडणीच्या वेळी तो काढतात, पण एखादा तुकडा दवानं भिजून चिकटून राहतो. या तुकड्यावर राशिभविष्य होतं, आणि रास नेमकी माझीच. वरिष्ठ तुमच्यावर खूश राहतील, जुनी येणी वसूल होतील. मला एकट्यालाच हसू आलं. समोर घड साफ करणाऱ्या यमुनानं विचारलं, "काय झालं काका?" मी म्हटलं, "काही नाही, माझी येणी वसूल होणारेत." ती सुरगाण्याकडची पोर, विशीची असेल. तिला यातलं काय कळणार? तीही हसली आणि पुन्हा कात्री चालवायला लागली.

मला मात्र त्या तुकड्यानं उचलून मागच्या वर्षीच्या हंगामात नेऊन ठेवलं. तो हंगाम मी पॅकहाऊसच्या टेबलाशी नाही काढला. तो काढला घरात, रांगेत, आणि आक्काच्या द्राक्षबागेत. नोकरी गेल्यानंतरचा तो हिवाळा होता.

त्या हंगामाआधीच्या दिवाळीत कंपनीनं बोनस दिला, मिठाईचा डबा दिला, आणि तो डबा संपायच्या आत कंपनी बंद केली. हे सांगायचं कुणी, तर मीच. म्हणजे फळ्यावर लिहून. आमच्या मशीन शॉपच्या दाराशी एक काळा फळा होता. सकाळी आल्याआल्या त्यावर आजचा सुविचार, आजचं उत्पादन, कालचं खराब निघालेलं काम हे सगळं मी खडूनं लिहायचो. मी काही कुणी साहेब नव्हतो, पण माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत गुरुजी माझी वही वर्गात फिरवायचे, त्याचा माज मला पंचेचाळिशीतही पुरला आहे. शॉपमध्ये कुणाला रजेचा अर्ज, बँकेचा अर्ज, पोराच्या शाळेचा अर्ज लिहायचा असला की तो कागद घेऊन माझ्याकडे यायचा. मीही टेचात पेन काढायचो.

त्या सोमवारी एचआरमधले शेखभाई आले. नेहमी हसतमुख असणारा माणूस, त्या दिवशी चष्मा पुसत उभा. म्हणाले, "जाधवभाऊ, सुविचार पुसा. आणि हे लिहा." मी लिहिलं: उद्यापासून उत्पादन बंद राहील. कामगारांनी कामावर येऊ नये. सुविचाराच्याच जागी, त्याच वळणदार अक्षरात. उकार, वेलांट्या सगळं जिथल्या तिथे. लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे येऊन ओळ सरळ आली का तेही बघितलं. माणूस किती मूर्ख असतो.

मग कँटीनमध्ये शेखभाईंनी आम्हा अकरा जणांना समजावलं. दोन रस्ते होते. एक, कंपनीनं कामावरून कमी केलं असं पत्र घ्यायचं. त्याला वेळ लागणार, मुंबईहून सह्या येणार. दुसरा, आपणच राजीनामा द्यायचा. मग हिशोब पंधरा दिवसांत. "वरून असं सांगितलंय," ते म्हणाले. "माझ्या हातात काही नाही."

आता मी जे केलं ते पैशांच्या घाईसाठी केलं असं म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. पण तसं नव्हतं. मला 'काढलं' हा शब्द नको होता. आमच्या गावाकडे नोकरी सोडलेल्या माणसाला लोक विचारतात, आता पुढे काय? आणि काढलेल्या माणसाला काहीच विचारत नाहीत, त्याच्या मागे एकमेकांना विचारतात. यानं काय केलं असेल? वीस वर्षांत एक लेटमार्क नाही, आणि शेवटी कागदावर काय, तर काढलं? मी उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात म्हटलं, "आपल्याला कुणी काढायचं नाही. आपण सोडतोय. तसं लिहायचं."

सगळ्यांना ते एकदम पटलं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, कुणाचा सासरा खवट होता. आणि लिहायचं कुणी? अर्थात मी. कोरे कागद आले. मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. हे वाक्य मी त्या दुपारी बारा वेळा लिहिलं. लेथवरचा सोमनाथ, दिंडोरीकडचा पोरगा, वर्षाचं लेकरू घरी, त्यानं न वाचताच सही केली. मी म्हटलं, "अरे, वाच तरी." तो म्हणाला, "काका, तुमी लिव्हलंय म्हणजे नीटच असल ना!" सगळ्यात शेवटी शेखभाई कागद घेऊन आले. "जाधवभाऊ, लगे हाथ माझं पण लिहून टाका." त्यांचंही लिहिलं. माझं धरून एकूण बारा कागद, एकसारखे, छापल्यासारखे.

घरी आल्यावर मनीषानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "सोडली मी." तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या वाक्यांची सवय आहे. तिनं वाद घातला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, डिसेंबरचं पान उलटं केलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. फ्लॅटचा हप्ता. प्राचीची अकरावीची फी. गॅस, लाइट, किराणा. मग स्वतःच्या फॉल-पिकोचे येणारे पैसे. दोन्ही बाजूंमध्ये जी जागा उरली ती फारच मोठी होती.

त्या पानावर तिनं एक ओळ लिहिली नाही, ती म्हणजे पीएफ. ती रक्कम आम्ही दोघांनी न बोलता बाजूला ठेवली होती. प्राचीला पुण्याला शिकायला पाठवायचं होतं. पोरीची हुशारी आमच्या घराण्याला न शोभणारी आहे, आणि ते पैसे तिच्या नावावरच होते असं आम्ही समजून चाललो होतो. प्रश्न एवढाच होता की नवं काम लागेपर्यंतचे चार-सहा महिने पीएफला हात न लावता कसे काढायचे?

आणि त्याला उत्तर होतं. शेजारच्या एकानं सांगितलं, की ज्यांच्या पगारातून कामगार विमा कापला जातो त्यांचं काम गेलं तर विम्याच्या ऑफिसातून मदत मिळते. निम्मा पगार, तीन महिने, आयुष्यात एकदाच. मी आधी विश्वास ठेवला नाही. वीस वर्षं पगारपत्रकावर ती कपात बघत होतो आणि औषधांच्या रांगेपलीकडे तिचा काही उपयोग असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. मग मोबाइलवर वाचलं, सायबरवाल्याकडे जाऊन पुन्हा वाचलं. खरं होतं. मनीषानं कॅलेंडरच्या मागे त्या उरलेल्या जागेत ती रक्कम लिहिली. त्या रकमेनं जागा पुरती भरली नाही, पण हप्ता बसत होता. त्या दिवशी तिनं शिरा केला.

त्या हिवाळ्याची आठवण म्हटली की मला थंडी आठवते ती सकाळी साडेसहाची. कंपनीची बस साडेसहाला पाथर्डी फाट्यावर यायची, त्यामुळे सहाला जाग यायचीच. उठायचं, आंघोळ करायची, स्वेटर घालायचा, आणि मग कळायचं की कुठे जायचंच नाही. बाल्कनीत उभं राहावं तर खालून दूधवाला जायचा. कॅलेंडरवर दूध न घेतलेल्या दिवशी मनीषा खाडा मांडते. पूर्वी महिन्यात एखादा खाडा असायचा, कुठे गावाला गेलो तर. त्या जानेवारीत एक दिवसाआड खाडा होता. माझा तर रोजचाच. प्राची काळा चहा प्यायला लागली आणि म्हणाली, हाच तब्येतीला चांगला असतो. ते ऐकून मला तिला ओरडावंसं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

एके संध्याकाळी ती कॉलेजचा कसलासा फॉर्म भरत होती. पेन थांबलं. "पप्पा, वडिलांचा व्यवसाय काय लिहू?" मनीषा शिलाई मशीनवर होती, तिचा पाय थांबला. मी म्हटलं, "नोकरी लिही." प्राचीनं लिहिलं. तिचं अक्षरही माझ्यासारखंच आहे.

रिकाम्या माणसाचा दिवस रिकामा असतो हे ज्यानं म्हटलं तो कधी रिकामा नसावा. माझे दिवस कागदांनी गच्च भरले होते. आधारकार्डाची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सवर सही. ओटीपी जायचा जुन्या नंबरवर, आणि जुना नंबर होता आता आग्र्याच्या कुणा माणसाकडे. तो फार सज्जन निघाला, दोनदा त्यानं मला ओटीपी सांगितला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "भाईसाब, आप करते क्या हैं?" मी फोन ठेवला. मग स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र: मी सध्या कुठेही काम करत नाही, मला कोणतेही उत्पन्न नाही. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट ते टाइप करत होता आणि मी त्याच्यामागे उभा राहून वाचत होतो. हे वाक्य माझ्या अक्षरात नव्हतं, एवढंच समाधान.

मधल्या काळात दिंडोरीहून आक्काचा फोन आला. थोरली बहीण. तिची दोन एकर बाग आहे. "अरे, घरी बसून काय करतो? चार दिवस ये. पेपर लावायचेत, माणसं मिळंनात." मी गेलो. धुकं इतकं की वेलींच्या रांगेचं पुढचं टोक दिसत नव्हतं. पेपर अर्धा फाडायचा, घडाभोवती गुंडाळायचा, वर स्टेपलरनं टाचायचा, पुढच्या घडाकडे जायचं. हात गारठून लाकूड व्हायचे. पण मी तिथे जरा माणसात आलो. घड हिरवा, टणक, आंबट. त्याला कागदात गुंडाळताना बरं वाटायचं. फक्त माझी एक खोड होती, हातात आलेला प्रत्येक पेपर मी वाचायचो. पाहिजेत, पाहिजेत, त्वरित पाहिजेत. आक्का मागून ओरडायची, "वाचत नको बसू! घड पिकून जातील तुझ्या वाचण्यात."

शनिवारी दाजींनी मजुरांना पैसे वाटले. वाटता वाटता माझ्यासमोर आले आणि माझ्याही हातावर नोटा ठेवल्या. मी हात मागे घेतला. नोटा खाली पडल्या, ओल्या मातीत. दाजींचा चेहरा उतरला. "पाव्हण्याला मजुरी देतो म्हणून राग आला काय? अहो, पोरीच्या शिक्षणाला होतील." त्यांना कसं सांगू, की मी स्टँपपेपरवर शपथ घेतली आहे, मला कोणतेही उत्पन्न नाही? चार दिवसांचे पैसे घेतले असते तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. एक कागद खोटा लिहिला होता, म्हणून दुसऱ्याशी मी जरा जास्तच खरं वागत होतो. तेव्हा हे मला कळत नव्हतं, फक्त पैसे घ्यायचे नाहीत एवढं कळत होतं. काम करावं तर मदत जाणार, मदतीची वाट बघावी तर घर कशावर चालवणार? दाजींनी नोटा उचलून पुसल्या आणि आक्काकडे दिल्या. परतीच्या बसमध्ये पायाशी आक्कानं दिलेलं गव्हाचं अर्धं पोतं होतं, आणि मला त्या गव्हाकडे बघवत नव्हतं.

संक्रांतीनंतर विम्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. रांगेत माझ्यापुढे पाठमोरे शेखभाई उभे. अकरा जणांचे राजीनामे घेणारा माणूस माझ्यासारखीच प्लॅस्टिकची पिशवी धरून उभा होता. आम्ही दोघंही जरा ओशाळलो. मग ते म्हणाले, "मुंबईवाले फोन उचलत नाहीत. मी त्यांच्या ऑफिसला जाऊन आलो. शटर." त्यांच्यामागे मी, आणि थोड्या वेळानं बघतो तर माझ्यामागे सोमनाथ, लेकराला कडेवर घेऊन. बायको द्राक्षाच्या कामाला गेली होती.

खिडकीतल्या मॅडम चांगल्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत खिडकीपलीकडचा माणूस वाईट असला की आपल्याला सोपं जातं. त्यांनी माझे कागद बघितले, मग शेखभाईंचे पुन्हा मागून घेतले, मग सोमनाथचे. तिन्ही राजीनामे शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. कुणाचं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. "माझं," मी म्हणालो.

"काका, ही मदत काम गेलेल्यांसाठी आहे. स्वतःहून सोडलेल्यांना मिळत नाही. आणि इथे तुम्ही तिघांनीही लिहिलंय, स्वखुशीने."

मी म्हटलं, "मॅडम, कंपनी बंद पडली. कुणी सोडली नाही." शेखभाईंनी घाईघाईनं मोबाइल काढला. त्यांनी फळ्याचा फोटो काढून ठेवला होता, का कुणास ठाऊक. उद्यापासून उत्पादन बंद राहील. कामगारांनी कामावर येऊ नये. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला, मग कागदाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"हेही अक्षर तुमचंच आहे ना?"

"हो."

"मग मी कोणतं खरं धरू?"

"फळ्यावरचं."

त्यांनी मोबाइल शेखभाईंकडे परत सरकवला. मग फार हळू बोलल्या, मागच्या लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "फळ्यावर सही नाही ना, काका. कागदावर आहे. कंपनीकडून पत्र आणा, कामावरून कमी केल्याचं. मी फाइल थांबवून ठेवते."

बाहेर आल्यावर आम्ही तिघांनी एकेक कटिंग चहा घेतला. पैसे कुणी द्यायचे यावरून शेखभाई आणि मी उगाच ओढाताण केली. सोमनाथ लेकराला चहाची बशी पाजत होता. मला वाटत होतं त्यानं मला शिव्या द्याव्यात, सगळ्यांसमोर द्याव्यात. त्यानं बशी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाला, "काका, मला तर काढलं असतं तरी चाललं असतं. मला कुठं कोन इचारतंय?"

मी त्या वाक्यापासून अजून सुटलेलो नाही. माझी इभ्रत मी अकरा जणांना वाटून दिली होती, कुणी मागितली नसताना. सोमनाथला आपल्याला काढलं हे म्हणायला काही वाटत नव्हतं. सगळ्यात जास्त वाटत होतं ते मला, आणि अक्षर माझं चांगलं होतं.

पत्र आलं नाही, येणारही नव्हतं. मी मुंबईच्या पत्त्यावर चार रजिस्टर पत्रं पाठवली, सुंदर अक्षरात. चारही परत आली. फाइल थांबून थांबून शेवटी रंगपंचमीच्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला. आमच्या नाशकात त्या दिवशी घरात कुणी बसत नाही. जुन्या गावात रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, उघडलेल्या असतात, रंगाच्या पाण्यात माणसं धपाधप उड्या मारत असतात. सोसायटीतली पोरं जिन्यातून रंगानं माखून धावत होती. कुणीतरी दारावरची बेल वाजवत होतं. मी मेसेज वाचला: अर्ज नामंजूर. दार उघडलं तर शेजारच्या पोरानं पिचकारीनं माझ्या तोंडावर हिरवा रंग मारला आणि पळालं. मी तसाच उभा राहिलो. मनीषानं मागून विचारलं, "काय आलंय?" मी तोंड पुसायच्या निमित्तानं बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही, पण तिला माहीत असणार.

एप्रिलात पीएफ काढला. पहिला अर्ज परत आला, कारण पासबुकाचा फोटो अस्पष्ट होता. दुसरा मंजूर झाला. खात्यात पैसे आल्याचा मेसेज बघून आनंद न झालेले आम्ही पहिलेच असू. प्राचीनं स्वतःच सांगून टाकलं की तिला पुण्याची हवा मानवणार नाही, नाशिकमध्येच बरं. पुण्याला ती आयुष्यात दोनदा गेली आहे. त्या दिवशीही मला तिला ओरडावंसं वाटलं.

वर्षभरात मी बरीच कामं केली. एका गोडाऊनवर पहारा, एका टेम्पोवर हिशोबनीस, मध्ये दोन महिने काहीच नाही. जो विचारेल त्याला मी सांगत आलो, जुनी नोकरी सोडली. एका पावसाळी दुपारी शेखभाई भेटले, भंगारच्या दुकानात लिखापढी करतात. म्हणाले, सोमनाथ ओझरकडे कुठल्याशा वर्कशॉपात लागला, निम्म्या पगारावर. ऐकून बरं वाटलं. त्याला फोन करायचं मात्र मी टाळलं.

आणि आता पुन्हा हंगाम. फाल्गुन लागला की बागा रिकाम्या व्हायला लागतात. पॅकहाऊसला येणारे टेम्पो कमी होतात, टेबलं दुपारीच मोकळी पडतात, बायका खोक्यांवर टेकून गप्पा मारायला लागतात. काल जेवायच्या सुट्टीत मॅनेजर आला. तिशीचा मुलगा आहे, वागायला नीट. पगार वेळेवर देतो, काका म्हणतो. त्यानं माझ्यासमोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला.

"काका, पुढच्या आठवड्यात बंद करायचंय. बायकांचे पैसे चुकते करतोय मी. फक्त फाइलला एकेक कागद लागतो. तुमचं अक्षर मस्त आहे, एवढं लिहून टाका ना. नमुना दिलाय वर."

मी नमुना बघितला. मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने काम सोडत आहे.

शब्दाला शब्द तोच. मुलगा वाईट नाही, त्यालाही कुणीतरी वरून सांगितलं असेल, जसं शेखभाईंना सांगितलं होतं. या बायकांना कुठल्या मदतीचा हक्क आहे की नाही, तेही मला नक्की माहीत नाही. कदाचित या कागदानं कुणाचंच काही बिघडणार नाही. बारा वेळा लिहिलं तेव्हाही मला असंच वाटलं होतं.

मी क्रेट उलटा घातला, त्यावर बसलो, मांडीवर पुठ्ठा घेतला. यादीत पस्तीस नावं होती. पहिलंच नाव यमुनाचं. ती समोर डबा धुऊन येत होती. ओले हात पदराला पुसत जवळ आली.

"काय लिवता काका?"

"तुझा कागद. सही लागेल."

"द्या मग. कुठं करू?"

"अजून लिहिला नाही गं. आणि वाचल्याशिवाय करायची नाही."

ती हसली. "मला कुठं वाचाया येतं? तुमी लिवलं म्हंजे बराबरच."

पेन माझ्या हातात होतं. मी नमुन्याचा कागद घडी करून खिशात टाकला. मॅनेजर काय म्हणेल, हे मला माहीत होतं असं नाही. पुढच्या हंगामाला त्यानं मला बोलावलं नाही तर पौषात मी पुन्हा त्या बाल्कनीत उभा असेन, स्वेटर घालून, हेही डोक्यात येऊन गेलं. हप्ता अजून नऊ वर्षं आहे. पॅकहाऊसमधला पंखा कुरकुरत होता. मी यादी खालपर्यंत बघितली. पस्तिसावं नाव माझं होतं. तेवढं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की हंगाम माझाही संपतोय.

म्हणून मी पहिला कागद माझा लिहिला. हंगाम संपल्यामुळे मला कामावरून कमी करण्यात आले आहे. ओळ जरा वाकडी गेली, वीस वर्षांत गेली नव्हती तेवढी. खाली सही केली. मग तो कागद यमुनाला मोठ्यानं वाचून दाखवला, सावकाश, शब्द सुटा करून. "सगळ्यांचा असाच लिहिणार आहे," मी म्हटलं. "चालेल?"

ती कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"म्हंजे तुमालाबी काढलं व्हय?"

वर्षभर जो शब्द मी मनीषासमोर, प्राचीसमोर, आक्कासमोर तोंडातून काढला नव्हता, तो ही पोर डबा काखेत धरून सहज विचारत होती.

"हो," मी म्हणालो. "मलाही काढलं."